विश्लेषण : वर्धा ते न्यूयॉर्क नेमके किती किलोमीटर?

मुलगी किंवा मुलगा अमेरिकेत, आईवडील वर्ध्यात. अशा घरात तिकीट काढताना पहिला प्रश्न असतो तो कुठून जायचं याचा. दिल्लीवरून, मुंबईवरून की दोहावरून? वर्ध्याला प्रवासी विमानतळ नाही, त्यामुळे सुरुवात नागपूरपासूनच. तो विमानतळ वर्धा रोडवरच असल्याने घरापासून साधारण ७० किलोमीटरवर येतो.

नागपूर ते न्यूयॉर्क हे हवाई अंतर सुमारे १२,६०० किलोमीटर आहे. भिंतीवरच्या नकाशात न्यूयॉर्क सरळ पश्चिमेला दिसतं. पण शाळेतला पृथ्वीगोल घेऊन दोन्ही शहरांमध्ये दोरा ताणून धरा. तो जवळपास उत्तरेकडे जातो : पाकिस्तान, मध्य आशिया, रशिया, नॉर्वेजवळचा समुद्र, ग्रीनलँडचा दक्षिण भाग आणि मग न्यूयॉर्क.

गंमत म्हणजे दिल्ली या दोऱ्याला जवळजवळ चिकटूनच आहे. नागपूर-दिल्ली-न्यूयॉर्क अंतर थेट अंतरापेक्षा जेमतेम १० किलोमीटरने जास्त भरतं. मुंबईवरून सुमारे ६०० किलोमीटर वाढतात, दोहावरून साधारण हजार.

मग दिल्लीच बरी ना?

कागदावर, हो. पण १९४४ च्या शिकागो करारानुसार प्रत्येक देशाचा आपल्या आकाशावर पूर्ण हक्क असतो. पहलगाम हल्ल्यानंतर २४ एप्रिल २०२५ रोजी पाकिस्तानने भारतीय विमानांसाठी हवाई हद्द बंद केली, काही दिवसांत भारतानेही तेच केलं. पुढे दोन्हीकडची बंदी महिन्या-महिन्याने वाढत गेली. त्यामुळे नागपूरहून उत्तरेला दिल्लीत पोहोचलेला प्रवासी भारतीय कंपनीच्या विमानात बसला, की आधी पुन्हा नैर्ऋत्येला, अरबी समुद्राकडे येतो आणि तिथून पश्चिमेची वाट धरतो. उत्तर अमेरिकेच्या काही उड्डाणांना इंधनासाठी व्हिएन्नात थांबावं लागलं. एअर इंडियाने १ सप्टेंबर २०२५ पासून दिल्ली-वॉशिंग्टन सेवाच थांबवली. विमानांचं नूतनीकरण आणि पाकिस्तानची बंद हद्द, अशी दोन्ही कारणं कंपनीने दिली होती. २०१९ मध्येही बालाकोटनंतर जुलैपर्यंत असाच वळसा पडला होता.

दोहाचा मार्ग या भांडणातून सुटतो, पण तिथली भांडणं वेगळी. २३ जून २०२५ रोजी इराणच्या क्षेपणास्त्र हल्ल्याच्या वेळी कतारने काही तास आकाश बंद केलं आणि त्याचे पडसाद जगभरच्या वेळापत्रकांवर उमटले.

म्हणून तिकीट काढताना किलोमीटरपेक्षा दोन गोष्टी पाहाव्यात. एक, एकूण प्रवासाचा वेळ आणि मधला थांबा. जाताना बऱ्याचदा समोरून वारा असतो, त्यामुळे जाण्याचा वेळ परतीपेक्षा जास्त लागतो. दुसरी गोष्ट आमच्या मते जास्त महत्त्वाची : नागपूरपासून शेवटपर्यंतचा प्रवास एकाच बुकिंगवर आहे का? असेल, तर पहिलं विमान उशिरा आल्याने पुढचं चुकल्यास पर्यायी विमानाची सोय सहसा कंपनी करते. दोन वेगळी स्वस्त तिकिटं जोडली असतील, तर दिल्लीत चुकलेल्या विमानाचं दुसरं तिकीट बहुधा आपल्याच खिशातून काढावं लागतं.