गिअरबॉक्सचा ऐब लपवू नका

2014 साली मारुतीच्या सेलेरिओपासून ऑटोमॅटिक गिअर स्वस्त गाड्यांतही आला. त्या गाड्या आता सातारा-सांगलीत जुन्या म्हणून विकल्या जात आहेत. खंबाटकी घाटात गिअर सुटू लागला, गाडी झटके देऊ लागली, तर आधी क्लच तपासावा. दुरुस्तीचा अंदाज दोन मिस्त्रींकडून घ्यावा. खर्च गाडीच्या किमतीला भिडत असेल तर गाडी विकावी. पण ऐब सांगून!

आम्ही कापडवाले थानातला डाग दाखवूनच भाव करतो. ऐब लपविलेला माल परत करण्याचा हक्क शरीअतने खरेदीदाराला दिला आहे. मग गिऱ्हाईक कोणत्याही धर्माचे असो, चार दिवस चालेल अशी गाडी त्याच्या गळ्यात मारणे हा धंदा नव्हे, धोका आहे. दोन पैसे कमी येतील, पण बरकत राहील.