चमत्कार नावाची पळवाट

ज्या गोष्टीची कारणे शोधण्याचा कंटाळा येतो तिला आपण चमत्कार म्हणतो. वाङ्मयात म्हणतो, राजकारणात म्हणतो, आणि खेळाच्या बाबतीत तर दुसरे काही म्हणतच नाही. या लेखात आम्ही एका खेळाच्या एका हंगामाविषयी बोलणार आहोत. खेळ आहे रग्बी लीग, मराठी वाचकाच्या फारशा परिचयाचा नसलेला. हंगाम आहे ऑस्ट्रेलियातल्या राष्ट्रीय स्पर्धेचा, २००९ सालचा. बोलणार आहोत ते मात्र साहित्याच्या विद्यार्थ्यांशी आणि शिक्षकांशी. कारण त्या हंगामाची कथा ज्या रीतीने सांगितली गेली आणि अजूनही सांगितली जाते, ती रीत आपल्याच वर्गांतून शिकवली जाते, असा आमचा आरोप आहे.

प्रथम खेळाची थोडी ओळख. दोन्ही बाजूंना तेरा-तेरा खेळाडू. चेंडू घेऊन धावणाऱ्याला प्रतिपक्षाने धरून पाडले की एक टॅकल झाला. कबड्डीच्या भाषेत पकड. अशा सहा पकडी होईपर्यंत चेंडू एका संघाकडे राहतो, मग तो सोडावा लागतो. प्रतिपक्षाच्या रेषेपलीकडे चेंडू जमिनीला टेकवला की ‘ट्राय’, त्याचे चार गुण. २००९च्या स्पर्धेत सोळा संघ होते. प्रत्येकाने साखळीत चोवीस सामने खेळायचे आणि पहिल्या आठांनी अंतिम फेऱ्यांत जायचे.

पॅरामॅटा ईल्स हा सिडनीच्या पश्चिम भागातला संघ. १९८१ ते १९८६ या काळात त्याने चार विजेतेपदे मिळवली, त्यानंतर एकही नाही. २००९च्या हंगामात निम्मा काळ लोटला तरी हा संघ गुणतक्त्याच्या तळाकडे रेंगाळत होता. मग त्याने सलग सात सामने जिंकले. साखळीच्या शेवटच्या सामन्यात अव्वल क्रमांकाच्या सेंट जॉर्ज इलावारा ड्रॅगन्सने त्याला ३७-० असे चिरडले. तरीही आठवे स्थान हातचे गेले नाही. पुढच्याच आठवड्यात त्याच ड्रॅगन्सना पॅरामॅटाने २५-१२ असे हरवले, त्यानंतर गोल्ड कोस्ट टायटन्सना २७-२ आणि बुलडॉग्जना २२-१२. हा शेवटचा सामना ७४,५४९ प्रेक्षकांनी मैदानात बसून पाहिला. आठव्या स्थानावरून अंतिम सामना गाठणारा हा पहिलाच संघ. चमत्कार!

आता हा शब्द काय काय झाकतो ते पाहू.

पहिली झाकली जाते ती रचना. त्या वेळच्या पद्धतीनुसार अंतिम फेऱ्यांच्या पहिल्या आठवड्यात पहिल्याची गाठ आठव्याशी पडे. सहा महिन्यांची साखळी बेरजेच्या न्यायाने चालते; तिथे अकरा पराभव अकराच मोजले जातात. अंतिम फेऱ्यांचा न्याय निराळा. तिथे मागचा हिशेब पुसला जातो आणि एका संध्याकाळचे पारडे साऱ्या हंगामाहून जड ठरते. जवळपास निम्मे सामने हरलेला संघ अंतिम सामन्यात पोहोचला, यात दैवी काही नाही. नियमांनीच ते दार उघडे ठेवले होते, आणि दार उघडे असले की कधी ना कधी कोणी आत येतेच. १९९८ साली बुलडॉग्ज नवव्या स्थानावरून अंतिम सामन्यात गेले होते. त्या वर्षी अंतिम फेऱ्यांत दहा संघांना जागा होती.

दुसरे झाकले जाते ते कष्ट. या हंगामाच्या कथेला एक नायक मिळाला: जॅरिड हेन. त्याच्या धावा खरोखर नेत्रदीपक होत्या, आणि वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूचे डॅली एम पदक त्यालाच मिळाले. परंतु त्याच संघात नेथन हिंडमार्श होता. पकडी करणे हे त्याचे काम, आणि कारकिर्दीत त्याने दहा हजारांहून अधिक पकडी केल्या. ट्रायचे वर्णन करता येते, चित्रफीत पुन्हा पुन्हा दाखवता येते. एका सामन्यातल्या चाळिसाव्या पकडीचे कोण वर्णन करणार? ती एकोणचाळिसाव्या पकडीसारखीच असते. तरीही प्रतिपक्षाची सहावी पकड झाल्यावाचून हेनच्या हाती चेंडू येणे अवघड होते. संघाच्या चाली रचणारी जोडीही हंगामाच्या ओघातच घडत गेली. तिच्यातला डॅनियल मॉर्टिमर तर त्याच वर्षी या पातळीवर खेळू लागला होता. प्रशिक्षक डॅनियल अँडरसनचेही या संघाबरोबरचे ते पहिलेच वर्ष. नवी माणसे एकमेकांना सरावण्यास वेळ लागतो. त्या वेळेला आपण ‘अपयशाचा काळ’ म्हणतो, आणि तो सरला की ‘कलाटणी’ म्हणतो. एकाच प्रक्रियेची ही दोन नावे आहेत, हे मात्र विसरतो.

तिसरा झाकला जातो तो समोरचा माणूस. चमत्काराच्या कथेत प्रतिस्पर्धी हा पाडण्यासाठी उभा केलेला बुरूज असतो. पॅरामॅटाला हे कोणी सांगायला नको. १९९८ साली अंतिम सामना एका पावलावर असताना हाच संघ बुलडॉग्जविरुद्ध १८-२ असा पुढे होता, वेळ संपत आली होती, आणि तरीही जादा वेळेत तो ३२-२० असा हरला. बुलडॉग्जच्या चाहत्यांनी त्याला चमत्कार म्हटले. पॅरामॅटाच्या घराघरांत त्याला काय म्हटले गेले असेल, याची कल्पना करण्यास फार प्रतिभा लागत नाही. अकरा वर्षांनी त्याच टप्प्यावर त्याच दोन संघांची गाठ पडली आणि शब्दाने बाजू बदलली.

येथे साहित्यशास्त्राची आठवण करून देणे भाग आहे. अॅरिस्टॉटलने कलाटणीला कथानकाचे मोठे बळ मानले, पण ती संभाव्यतेच्या किंवा अनिवार्यतेच्या नियमानेच यावी अशी अट घातली. यंत्रातून देव उतरवून पेच सोडवणे त्याला मान्य नव्हते. आणि ‘चमत्कार’ हा शब्द तर आपल्याच काव्यशास्त्राचा. विश्वनाथाने ‘साहित्यदर्पणा’त त्याचा अर्थ चित्ताचा विस्तार असा लावला आहे. म्हणजे चमत्कार घडतो तो रसिकाच्या मनात. तो घटनेच्या कारणांना सुट्टी देत नाही. उलट, कारणांची गुंफण जितकी दिसावी तितके चित्त विस्तारावे. आपण मात्र हा शब्द चित्त आखडून घेण्यासाठी वापरतो: चमत्कार झाला, आता विचारू नका.

आता शेवटाकडे येऊ, कारण आमच्या वादाचा खरा आधार तोच आहे.

४ ऑक्टोबर २००९. अंतिम सामना मेलबर्न स्टॉर्मशी, मैदानात ८२,५३८ माणसे. मध्यंतराला स्टॉर्म १०-० असे पुढे. नंतर ही आघाडी २२-६ झाली. तेथून जोएल रेड्डी आणि फुईफुई मोईमोई यांच्या ट्रायनी पॅरामॅटाने २२-१६पर्यंत मजल मारली. हंगामभराची कथा जणू शेवटच्या काही मिनिटांत पुन्हा सांगितली जात होती. मग ग्रेग इंग्लिसने चालत्या खेळात चेंडू गोलखांबांमधून उडवून एक गुण घेतला. २३-१६. पॅरामॅटा हरले. पुनरागमनाची कथा शोकान्त ठरली, आणि सामन्यातला सर्वोत्तम खेळाडू म्हणून स्टॉर्मच्या बिली स्लेटरला पदक मिळाले.

पण ते अखेरचे पान नव्हते. २२ एप्रिल २०१० रोजी उघड झाले की मेलबर्न स्टॉर्म कित्येक वर्षे दुहेरी हिशेब ठेवून खेळाडूंना वेतनमर्यादेबाहेर पैसे देत होते. २००७ आणि २००९ची विजेतेपदे काढून घेण्यात आली. २०१०चा उरलेला हंगाम स्टॉर्मने खेळायचा, पण त्यांना गुण मिळणार नाहीत, असे ठरले. पॅरामॅटाला विजेते घोषित करण्यात आले नाही. अधिकृत नोंदीत २००९च्या विजेत्याची जागा रिकामी आहे. स्लेटरचे पदक मात्र कायम राहिले. ज्या अंतिम सामन्याला विजेता नाही, त्याला सर्वोत्तम खेळाडू आहे!

कथेचा अर्थ तिच्या शेवटात असतो असे मानणाऱ्यांना आमचा प्रश्न आहे: यातला कोणता शेवट? अंतिम फेऱ्यांच्या चौथ्या आठवड्याअगोदर हा विजयगाथेचा पूर्वार्ध होता. ऑक्टोबरच्या त्या रात्री तो शोकात्म झाला. एप्रिलमध्ये तो फसवणुकीचा बळी झाला. आणि नोंदीच्या पुस्तकात ते एक कोरे घर आहे. या सर्व काळात मैदानावर घडलेली एकही पकड बदललेली नाही. फुईफुई मोईमोई प्रतिस्पर्ध्यांना अंगावर घेत ज्या रेषेपलीकडे गेला, ती रेषा तेथेच आहे. अर्थ सारा शेवटातच असेल, तर तो एका वर्षाच्या आत चार वेळा उपटून पुन्हा लावला गेला असे म्हणावे लागेल. ज्याला मुळे असतात त्याचे असे होत नाही.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो हलका नाही. शेवटावाचून आकार नाही, आणि आकारावाचून कथा नाही. नाही तर हंगाम म्हणजे निकालांची नुसती यादी. आम्हांस हे मान्य आहे. शेवटाने आकार येतो. पण किंमत ठरते ती शेवटाने नव्हे. मराठी वाचकाला हा भेद शिकवावा लागू नये. १७६१च्या पानिपतावर जे काही लिहिले गेले ते कोण जिंकले हे जाणून घेण्यासाठी कोणी वाचत नाही. शेवट आधीच ठाऊक असतो, आणि त्यामुळेच दक्षिणेतून निघालेल्या फौजेचा प्रत्येक मुक्काम, रसदीची प्रत्येक अडचण, चुकलेला प्रत्येक सल्ला आपण जीव मुठीत धरून वाचतो. पराभवाची कथा वाचण्याची ही विद्या आपल्याकडे आहे. विजयाची गोष्ट समोर आली की मात्र आपण ती गुंडाळून ठेवतो.

दुसरा आक्षेप पॅरामॅटाप्रेमी घेतील: मग ती रिकामी जागा आम्हांलाच का देत नाही? आमचे मत असे की न देण्याचा निर्णय योग्य होता. न जिंकलेला सामना कागदावर जिंकल्याने न्याय होत नाही, आणखी एक यंत्रातला देव खाली उतरतो. त्याचबरोबर, स्टॉर्मच्या खेळाडूंनी मैदानावर काही केलेच नाही असे भासवणेही खोटे आहे. हा खेळच मुळी वेतनाच्या प्रश्नातून जन्मला. १८९५ साली उत्तर इंग्लंडमधल्या क्लबांनी हडर्सफील्डच्या एका हॉटेलात बसून रग्बीच्या जुन्या संघटनेशी फारकत घेतली, कारण खेळासाठी कामाचा दिवस बुडवणाऱ्या कामगाराला त्या दिवसाची मजुरी भरून देणे संघटनेला नामंजूर होते. एकशे चौदा वर्षांनी याच खेळातले एक विजेतेपद वेतनाच्याच हिशेबात बुडाले. या दोन घटना जो एकत्र वाचतो त्याला अर्थ सापडतो. जो ‘चमत्कार’ म्हणून थांबतो त्याला फक्त चित्रफीत उरते.

आणि आता आमच्या वर्गांविषयी. कादंबरी शिकवताना आपण काय विचारतो? ‘शेवट समर्पक आहे का ते सांगा.’ ‘नायकाच्या जीवनातील निर्णायक क्षण स्पष्ट करा.’ विद्यार्थी गाइड उघडतो, शेवटचे प्रकरण वाचतो, निर्णायक क्षण पाठ करतो आणि उत्तीर्ण होतो. मधली दोनशे पाने न वाचता उत्तर लिहिता येईल असाच प्रश्न आपण काढलेला असतो. मग तोच विद्यार्थी पुढे पत्रकार होतो, समीक्षक होतो, शिक्षक होतो, आणि हेन लिहितो, हिंडमार्श लिहीत नाही. दोष त्याचा नाही.

हिंडमार्शने २०१२ साली निवृत्ती घेतली. २००१ आणि २००९ असे दोन अंतिम सामने तो खेळला आणि दोन्ही हरला. त्याच्या अखेरच्या हंगामात पॅरामॅटा सोळांपैकी सोळावे आले. शेवटावरून वाचणाऱ्याने या कारकिर्दीचे काय करावे? एक तर तिला दुर्दैवी म्हणून हळहळावे, किंवा वगळावे. पकडीवरून वाचणाऱ्याला मात्र तिच्यात सांगण्यासारखे दहा हजार प्रसंग आहेत.

म्हणून आमची सूचना अगदी साधी आहे. येत्या सत्रात एका तासाला फळ्यावर एवढेच लिहावे: साखळीचा अखेरचा सामना, ड्रॅगन्स ३७, पॅरामॅटा ०. पुढचे काही सांगू नये. आणि त्या रात्री मैदानातून बसकडे चाललेल्या तेरा माणसांविषयी विद्यार्थ्यांना दोन पाने लिहायला सांगावी. त्या माणसांनाही पुढचे काही ठाऊक नव्हते.