जस्ताच्या बॅटरीत गोव्याचा वाटा

विजेरीच्या सेलमध्ये जस्त आणि मँगनीज डायऑक्साइड ही जोडी पिढ्यान्‌पिढ्या आहे, फक्त तो सेल एकदा संपला की कचऱ्यात. तीच जोडी पुन्हा पुन्हा चार्ज करता यावी, हा आजचा प्रश्न. पाण्यात विरघळवलेल्या झिंक सल्फेटवर चालणारी बॅटरी लिथियमसारखी पेट घेत नाही. घोडे अडते ते मँगनीज डायऑक्साइडच्या कॅथोडपाशी. जस्ताच्या आयनावर दुहेरी भार असल्याने तो स्फटिकात जड पावलांनी शिरतो. शिवाय मँगनीज हळूहळू द्रावात उतरते आणि क्षमता घटते. द्रावात आधीच मँगनीज सल्फेट घालणे, स्फटिकाच्या पोकळ्यांत दुसरे आयन टेकूसारखे बसवणे, हे उपाय उपयोगी ठरले आहेत, पण पुरेसे नाहीत. कॅथोडमध्ये मँगनीजऐवजी व्हॅनेडियम वापरले तर ते भार साठवते जास्त, व्होल्टेज मात्र कमी देते.

गोव्याला हा विषय परका नाही. फर्नांडिस, देसाई आणि कामत दलाल या पणजीतील संशोधकांचा बॅटरीच्या मँगनीज डायऑक्साइडवरील दोन भागांचा आढावा १९८५ साली ‘जर्नल ऑफ पॉवर सोर्सेस’मध्ये आला होता. राज्यात किती जणांना हे ठाऊक आहे?

डिचोलीचा खाणपट्टा वेदांताकडे आहे, जस्त बनवणारी हिंदुस्थान झिंकही त्याच समूहाची. त्यांनी गोवा विद्यापीठातील कॅथोड संशोधनाला पैसा द्यावा. पेडण्यात तुयेच्या इलेक्ट्रॉनिक सिटीच्या घोषणा खूप झाल्या. तिथे निदान बॅटऱ्यांचे चाचणी केंद्र तरी उभे राहावे. मात्र बॅटरीच्या नावाखाली सांगे-केपेत मँगनीजसाठी नवे डोंगर फोडायला आमचा पाठिंबा नाही.