उस्ताद मैदानावरचा आणि वर्गातला

पोलीस प्रशिक्षकांनाच प्रथम कृतिप्रधान अध्यापनाचे वळण लावावे, असे म्हणताच एक आक्षेप हटकून पुढे येतो तो असा की, पोलीस हे हुकमाबरहुकूम चालणारे दल असल्यामुळे तेथे वर्गात वादसंवादाची मुभा दिली तर शिस्तीला तडा जाईल. या आक्षेपाचे खंडन खुद्द कवायतीच्या मैदानावरच होते. ज्या उस्तादाच्या शिस्तीचा दाखला दिला जातो, त्याने संचलनावर व्याख्यान दिल्याचे कोणी ऐकले आहे काय? तो करून दाखवतो, करवून घेतो, चुकलेले पाऊल तेथल्या तेथे सुधारतो. मग जी पद्धती बाह्यवर्गात शिस्त घडवते, तीच आंतरवर्गाचा उंबरठा ओलांडताच शिस्तीची वैरीण कशी ठरावी?

आमच्या भिलाईच्या सिविक सेंटरमध्ये संध्याकाळी बाजारास आलेल्या एखाद्या वृद्धेची पिशवी दुर्गहून येताना वाटेतच चोरीस गेली, आणि ती भेदरून छत्तीसगढीत आपली कैफियत सांगू लागली, तर अंमलदाराची खरी परीक्षा तेथे होते. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १७३ हद्दीचा प्रश्न न काढता दखलपात्र गुन्ह्याची खबर नोंदवावयास सांगते. ते मुखोद्गत हवेच. परंतु त्या वृद्धेचे बोलणे अर्थाला धक्का न लावता हिंदीत उतरवण्याचे कसब पाठांतराने येत नाही. प्रशिक्षकांच्या वर्गात एकाने ती वृद्धा व्हावे, दुसऱ्याने फिर्याद लिहावी, इतरांनी ऐकलेले व लिहिलेले यांतील तफावत काढावी. त्याच संहितेच्या कलम १०५ प्रमाणे झडतीचे चित्रण मोबाईलवर करून, मुद्देमालाच्या यादीतले काय त्यात सुटले, तेही पडताळावे.

अशा प्रयोगाचा तमाशा होतो, ही तक्रार मात्र मी खोटी म्हणणार नाही. तो होतो, कारण प्रयोग चालवणाऱ्याला कोठे थांबवावे आणि काय विचारावे हे कोणी शिकवलेलेच नसते. स्वतः टिपणे उतरवून घेत शिकलेला माणूस पुढे टिपणेच सांगतो. म्हणून आरंभ प्रशिक्षकापासून. पोलीस प्रशिक्षणाचा विचार करण्यासाठी १९७१ साली नेमलेल्या समितीचे अध्यक्षपद प्रा. म. स. गोरे या समाजशास्त्रज्ञाकडे होते, आणि तिचा अहवाल १९७३ सालचा आहे. पोलिसाचे काम माणूस समजून घेण्याचे आहे, ही जाणीव तेव्हापासून सरकारदप्तरी आहे.

चंदखुरीची पोलीस अकादमी येथून फार दूर नाही. तेथील प्रशिक्षकांनी वह्या मिटून एक संध्याकाळ सिविक सेंटरमध्ये काढावी, चार माणसांचे बोलणे ऐकावे, आणि दुसऱ्या दिवशीचा वर्ग तेथून सुरू करावा, एवढीच माझी विनंती आहे.