बाकावरचा ठेका

मैत्रिणींनो, परवा गणिताच्या तासाला एका पोरानं बाकावर ठेका धरला. मी चिडून त्याला वर्गाबाहेर उभं केलं. संध्याकाळी आमच्या शहागडच्या बाजारात त्याची आई भेटली. म्हणाली, "बाई, घरीही ताटं-डबे बडवतो. काय करू ह्याचं?"

मला अजय-अतुल आठवले. वडील अशोक गोगावले महसूल खात्यात, तेव्हा बदल्या पाचवीला पुजलेल्या. लहानपण पुणे जिल्ह्यात जुन्नर, शिरूर अशा गावोगावी गेलं. घरात गाण्याची परंपरा नाही, अभ्यासात दोघांचं मन नाही. शाळेत एन.सी.सी.च्या बँडमध्ये ठरलेलीच धून निराळ्या ढंगानं वाजवली आणि पहिलं बक्षीस आणलं! वाद्य घ्यायची ऐपत नव्हती. मग ज्याच्याकडे वाद्य, त्याच्याशी दोस्ती. पुढं 'जोगवा'ला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि २०१६ च्या 'सैराट'चा वाद्यवृंद तर थेट हॉलिवूडच्या स्टुडिओत वाजला.

सगळ्यांचीच पोरं काही अजय-अतुल होत नाहीत, ठाऊक आहे मला. गणित सुटायचं नाहीच. पण त्या माउलीला म्हटलं, देवळात भजनाला पखवाज वाजतो ना, तिथं रोज तासभर बसवा त्याला. वर्गात त्याची जागा आता पहिल्या बाकावर, माझ्या नजरेसमोर!