पेंग्विनच्या रांगेत उभं राहण्याआधी

शाळांना सुट्टी लागली किंवा गावाहून पाहुणे आले, की मुंबईतल्या घरात एक ठराव लगेच मंजूर होतो: राणीच्या बागेत जायचं. सगळे भायखळ्याला उतरतात, तिकीट काढतात, पेंग्विनच्या रांगेत उभे राहतात, वाघ दिसला की नाही यावर वाद घालतात आणि तिन्हीसांजेला पाय दुखवून घरी येतात. यात वाईट काही नाही. मुलांना पेंग्विन बघायचेच असतात, आणि २०१७ साली ते लोकांना खुले झाले तेव्हापासून बागेकडे पुन्हा गर्दी वळली हेही खरं. माझं सांगणं एवढंच, की फाटकापासून पेंग्विनपर्यंतच्या वाटेवर जे उभं आहे, त्याच्यासाठी एक सकाळ वेगळी काढा. पेंग्विनची फेरी निराळी, ही निराळी. दोन्ही एका दिवसात कोंबू नका.

फाटकातून आत गेलात की डाव्या-उजव्या हाताला आधी नीट बघा. घड्याळाचा एक मनोरा आहे, १८६५ सालचा, डेव्हिड ससून या ज्यू व्यापाऱ्याच्या नावाचा. जवळच पांढरी, खांबांची इमारत आहे, ते डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय. आणि संग्रहालयाच्या अंगणात एक दगडी हत्ती उभा आहे. मुलं त्याच्यासमोर फोटो काढतात, मोठी माणसं पाण्याची बाटली शोधत पुढे जातात. हा हत्ती मूळचा घारापुरीचा. पोर्तुगीजांनी त्या बेटाला एलिफंटा म्हटलं ते याच्यावरून. १८६४ साली त्याला उचलून इंग्लंडला न्यायचा घाट घातला गेला. यारी तुटली, हत्ती खाली पडला आणि त्याचे तुकडे झाले. ते तुकडे या बागेत आणून ठेवले, आणि १९१४ साली ते जोडून हत्ती पुन्हा उभा केला. जवळ जाऊन बघा, सांधे दिसतात. मुलांना सांगायला यापेक्षा चांगली गोष्ट अख्ख्या बागेत नाही, आणि ती सांगायला तिकीटही लागत नाही.

आता संग्रहालय. इथे बरेच जण चुकतात. संग्रहालय म्हटलं की प्रत्येक कपाटासमोर थांबायचं, प्रत्येक पाटी वाचायची, असं काहीतरी शाळेच्या सहलीपासून आपल्या डोक्यात बसलेलं असतं. तसं केलंत तर अर्ध्या तासात मान दुखेल आणि मुलं रडतील. आत गेल्यावर आधी काहीच वाचू नका. मधोमध उभे राहा आणि वर बघा. बिडाचे कोरीव खांब, सोनेरी काम, फिकट हिरव्या भिंती, पायाखाली इंग्लंडहून आलेल्या मिंटन फरश्या. वस्तूंच्या आधी इमारतच बघण्यासारखी आहे. समोर राणी व्हिक्टोरियाच्या नवऱ्याचा, प्रिन्स अल्बर्टचा पुतळा दिसेल. संग्रहालयाचं मूळ नावच व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम होतं. पाया घातला १८६२ साली, पण दारं उघडली २ मे १८७२ रोजी.

एवढी वर्षं का लागली, ते समजलं तर सगळं भायखळा उलगडतं. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिथला कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि मुंबईच्या कापसाचा भाव आभाळाला भिडला. शहरात पैशाचा पूर आला. बागा, मनोरे, प्रार्थनास्थळं, दवाखाने, सगळ्यांसाठी देणग्या निघाल्या. १८६५ साली युद्ध संपलं, भाव कोसळले, शेअरबाजार बसला आणि कालचे कोट्यधीश दिवाळखोर झाले. संग्रहालयाचं बांधकाम पैशावाचून अडकलं. शेवटी सरकारला ते हातात घ्यावं लागलं. म्हणजे तुम्ही ज्या इमारतीत उभे आहात ती तेजीत सुरू झाली आणि मंदीत रखडली. मुंबईतल्या कुठल्याही अर्धवट टॉवरकडे बघणाऱ्याला हे निराळं समजावून सांगायला नको.

यामागची माणसंही ओळखून घ्या. भाऊ दाजी मूळचे गोव्याकडचे, मांद्र्याचे. ग्रँट मेडिकल कॉलेजातून डॉक्टर होऊन बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीत ते होते. कुष्ठरोगावर औषध शोधण्यात आयुष्य घातलं, जुने शिलालेख आणि नाणी वाचली, दोनदा मुंबईचे शेरीफ झाले. संग्रहालयासाठी पैसा उभा करणाऱ्यांत ते आणि नाना शंकरशेट पुढे होते. नाना म्हणजे तेच, जे जीआयपी रेल्वेच्या पहिल्या संचालकांत होते. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदराहून ठाण्याला निघालेली पहिली गाडी भायखळ्यावरूनच गेली. १९७५ साली संग्रहालयाला भाऊ दाजींचं नाव मिळालं. पण नाव मिळणं आणि निगा राहणं वेगळं. पुढे इमारत अगदी खंगली. २००३ ते २००८ या काळात महापालिका, वारसा जपणारी इनटॅक ही संस्था आणि जमनालाल बजाज फाउंडेशन यांनी मिळून तिचं जतन केलं. त्या कामाला २००५ साली युनेस्कोचा आशिया-प्रशांत विभागातला सर्वोच्च पुरस्कार मिळाला. आपल्या पालिकेच्या नावाने आपण रोज बोटं मोडतो. ती मोडावीतच, पण हे कामही तिच्या खात्यावर लिहून ठेवावं.

वरच्या मजल्यावर मुंबईच्या लोकांच्या मातीच्या छोट्या मूर्ती आहेत: कोणत्या जातीजमातीचा माणूस कशी पगडी घाली, कोणते कपडे घाली, कोणता धंदा करी. जुने नकाशे आहेत, गलबतांच्या प्रतिकृती आहेत. माझं मत विचाराल तर पहिल्या भेटीत या मूर्ती आणि नकाशे एवढंच बघा. घरातल्या आजी-आजोबांना इथे आवर्जून आणा. ‘असलं पागोटं आमच्या आजोबांच्या डोक्यावर असे’ हे वाक्य त्यांच्या तोंडून निघेल आणि पुढची दहा मिनिटं पाटी वाचायची गरज उरणार नाही. मुलांना मात्र मोकळं सोडू नका, त्यांना शोधायला एकेक वस्तू द्या. एकाला होडी शोधू दे, दुसऱ्याला सगळ्यांत विचित्र पगडी. मार्गदर्शकाबरोबर फेरी आहे का, मराठीतून आहे का, हे दारातच विचारा. विचारणारे वाढले तर मराठी फेऱ्याही वाढतील.

बाहेर आल्यावर मागच्या अंगाला वळसा घाला. स्वातंत्र्यानंतर शहरातल्या चौकांमधून हलवलेले राजाराण्यांचे आणि लाटसाहेबांचे पुतळे इथे आहेत. काळा घोडा नावाच्या चौकातला मूळ काळा घोडा, त्याच्यावर बसलेल्या सातव्या एडवर्डसकट, १९६५ पासून याच आवारात आहे. तो पुतळा दिला होता डेव्हिड ससून यांचे चिरंजीव अल्बर्ट ससून यांनी. राणी व्हिक्टोरियाचा संगमरवरी पुतळाही आहे, आणि त्याचे पैसे दिले होते बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांनी. मराठी संस्थानिकाच्या पैशाने घडलेली इंग्रजांची राणी आता पालिकेच्या बागेत उन्हात. हे पुतळे तिथे मिरवावेत असं मला वाटत नाही, फोडावेत असंही वाटत नाही. आहेत तसे बघावेत आणि घरी जाऊन भांडावं.

मग झाडं. राणीची बाग आधी वनस्पती उद्यान होती, प्राणी नंतर आले. १८६२ च्या नोव्हेंबरात बाग खुली झाली, ती झाडांसाठी. आज इथे सुमारे तीन हजार झाडं आणि २८६ जाती असल्याची नोंद आहे. सगळी बघायला जाल तर एकही दिसणार नाही. तीनच बघा. गोरखचिंच: बुंधा एवढा जाड की चार-पाच जणांनी हात धरून वेढा घालावा. कैलासपती: फुलं खोडालाच लागतात आणि फळं तोफेच्या गोळ्यासारखी, तेव्हा खाली सतरंजी अंथरू नका. आणि उर्वशी, मूळची ब्रह्मदेशातली, लाल फुलांचे लोंबते झुबके येणारी. तिचा मोसम साधला तर नशीब. २००७ च्या सुमारास इथे परदेशी धर्तीचं मोठं प्राणीसंग्रहालय करण्याची योजना पुढे आली, तेव्हा ही झाडं जातील म्हणून काही नागरिकांनी, त्यातही प्रामुख्याने स्त्रियांनी, वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. झाडांची यादी केली, नावं लिहिली, लोकांना फिरवून दाखवली. तुम्ही ज्या सावलीत डबा उघडाल ती अशीच फुकट मिळालेली नाही. डबा उघडलात तर खरकटं आणि पिशव्या परत न्या, आणि पिंजऱ्याच्या काचेवर थापा मारू नका. प्राणी झोपलेला असेल तर तो झोपलेला बघा.

व्यवहाराच्या गोष्टी. बाग आणि संग्रहालय दोन्ही बुधवारी बंद असतात. बुधवारी सार्वजनिक सुट्टी आली तर बाग त्या दिवशी उघडी ठेवून दुसऱ्या दिवशी बंद ठेवतात, तेव्हा अशा आठवड्यात आधी खात्री करा. रविवार टाळता आला तर टाळा. सकाळी बाग उघडताच आत जा, झाडं ऊन चढण्याआधी आणि संग्रहालय ऊन चढल्यावर. बागेचं तिकीट २०१७ मध्ये पाच रुपयांचं पन्नास झालं तेव्हा ओरड झाली, आणि ती माझ्या मते रास्त होती, कारण इथे येणारा बराचसा माणूस चाळीतला आणि झोपडीतला. संग्रहालयाचं तिकीट वेगळं काढावं लागतं. वडा-मिसळीच्या हिशेबात ते स्वस्त आहे, तेव्हा तिथे काटकसर करू नका.

पुढच्या खेपेला बागेत जाऊच नका. स्टेशनपासूनच सुरुवात करा. भायखळ्याची दगडी इमारत १८५७ ची आहे. अलीकडे तिचं जुनं रूप परत आणलं आणि २०२२ साली त्या कामालाही युनेस्कोने गौरवलं. रोज लाखभर माणसं जिन्याकडे धावतात, वर बघायला कुणाला फुरसत नसते. तुम्ही सुट्टीच्या दिवशी गेला आहात, तुम्ही बघा. तिथून खडा पारशीकडे चालत जा. कर्सेटजी माणेकजी या पारशी गृहस्थाचा हा पुतळा त्यांच्या मुलाने उभारला. आता त्याच्या दोन्ही बाजूंनी उड्डाणपुलाचे फाटे गेलेत, तेव्हा रस्ता ओलांडताना जीव सांभाळा आणि पुतळा लांबूनच बघा. जवळच मागेन डेव्हिड सिनेगॉग आहे, १८६४ च्या सुमाराचं, फिकट निळं, तेही डेव्हिड ससून यांनीच बांधलेलं. इथे सुरक्षा कडक असते. ओळखपत्र न्या, आधी परवानगी विचारा, डोकं झाका, आणि शनिवारी बघायला म्हणून जाऊ नका, तो त्यांचा प्रार्थनेचा दिवस. याच ससूनांचा राहता वाडा पुढे मसीना हॉस्पिटल झाला. तिथे मात्र आजारी माणसं असतात, बाहेरून बघितलंत तेवढं पुरे.

पायात बळ असेल तर माझगावकडे वळा. म्हातारपाखाडीत जुनी लाकडी जिन्यांची, सज्ज्यांची घरं अजून आहेत. टिळकांच्या होमरूल चळवळीतले काका बाप्टिस्टा याच वाडीतले. ही वस्ती आहे, प्रदर्शन नाही. कुणाच्या खिडकीत कॅमेरा घालू नका. कुणी ओट्यावर बसलेलं असेल तर आधी नमस्कार करा, मग विचारा. बहुतेक जण हौसेने सांगतात. जवळच्या टेकडीवर पाण्याच्या टाकीवरची बाग आहे, काका बाप्टिस्टांच्याच नावाची. वरून गोदी दिसते.

भायखळा ज्यांना लांब पडतं त्यांनी आपल्या गावात हेच करावं. पुण्यात केळकर संग्रहालयात गेलात तर फक्त अडकित्ते आणि दिवे बघा, कोल्हापूरला टाऊन हॉल आणि त्याभोवतीची बाग एकत्र धरा, नागपूरला १८६३ पासूनचा अजब बंगला आहे. एका वेळी थोडं, आणि पुन्हा जायचं ठेवून. निघण्याआधी फोन करून सुट्टीचा वार तेवढा विचारून घ्या, प्रत्येक ठिकाणी तो वेगळा असतो.