डिकी म्हणजे माळा नव्हे

मे महिन्याच्या अखेरीस कोकणातून परतणाऱ्या गाड्या लांबूनच ओळखू येतात. गाडीची मागची बाजू खाली बसलेली असते, मागच्या काचेला आंब्याच्या पेट्या टेकलेल्या असतात आणि टपावर ताडपत्रीखाली काहीतरी फुगलेले दिसते. आजोळहून निघताना कोणी रिकाम्या हाताने निघत नाही. आंबे, फणस, नारळ, कोकम, उकडे तांदूळ, कुळथाचे पीठ असे सारे प्रेमाने भरून दिलेले असते. पुण्या-मुंबईचे पाहुणे असोत की इंदूर, बडोदे, हैदराबादला स्थायिक झालेले, 'अजून एक पिशवी मावेल की' हे वाक्य प्रत्येक अंगणात ऐकू येते.

मावेल, यात शंका नाही. पण मावणे आणि झेपणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. घरातल्या माळ्यावर सामान कोंबले तर फार तर दिवाळीच्या साफसफाईत ते डोक्यावर येते. गाडीचा माळा मात्र ताशी ८० किलोमीटर वेगाने धावत असतो आणि त्याच्यापुढे दोन हातांवर घरची माणसे बसलेली असतात.

माडाखाली कोण बसतो?

गाडी अचानक थांबते तेव्हा थांबते ती फक्त गाडी. आतली बांधलेली नसलेली प्रत्येक वस्तू त्याच वेगाने पुढे जात राहते. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी कशावर आदळली, तर मागची सुटी बॅग ज्या वेगाने पुढे येते तो वेग १० मीटर उंचीवरून, म्हणजे साधारण तिसऱ्या मजल्यावरून खाली पडणाऱ्या वस्तूइतका असतो. वेग ८० असेल तर हीच उंची २५ मीटरवर जाते. वेग दुप्पट झाला की धक्क्याची ताकद चौपट होते.

आता मागच्या काचेखालच्या फळीवर ठेवलेला नारळ आठवा. कोकणात माडाखाली कोणी खाट टाकून झोपत नाही, कारण वरून नारळ पडला तर काय होईल हे लहान पोरालाही ठाऊक असते. पण तोच नारळ गाडीत मुलांच्या डोक्यामागे अलगद ठेवला जातो आणि कोणाला काही वाटत नाही. छत्री, पाण्याची भरलेली बाटली, स्टीलचा डबा, टॉर्च यांचेही तेच. ती फळी टोपी, ओढणी किंवा एखादी हलकी उशी ठेवण्यापुरती आहे. खरे तर ती मोकळीच बरी.

माणसालाही हाच नियम लागू आहे. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात झालेल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री आणि त्यांच्यासोबत मागच्या सीटवर बसलेले जहांगीर पंडोल यांचा मृत्यू झाला. दोघांनीही पट्टा लावलेला नव्हता, असे पोलिसांनी सांगितले. मागे बसणाऱ्यांनीही पट्टा लावायचा, हा नियम आधीपासूनच होता. तो पाळला पाहिजे याची चर्चा त्यानंतर घरोघरी सुरू झाली. सामानाच्या पट्ट्याची चर्चा मात्र अजून व्हायची आहे.

आधी वजन, मग जागा

डिकी किती लिटरची आहे हे गाडी घेताना सगळे विचारतात. ती गाडी एकूण किती किलो वाहू शकते हे क्वचितच कोणी विचारते. गाडीच्या माहितीपुस्तिकेत दोन आकडे दिलेले असतात. एक, रिकाम्या गाडीचे वजन. दुसरा, माणसे व सामान धरून गाडीचे जास्तीत जास्त वजन. दुसऱ्यातून पहिला वजा केला की उरते ती गाडीची खरी ताकद.

एक हिशेब करून पाहा. समजा, एका छोट्या गाडीचे रिकामे वजन ८५० किलो आणि कमाल वजन १३४० किलो आहे. उरले ४९० किलो. सरासरी ६५ किलोची पाच माणसे बसली की ३२५ किलो गेले. सामानासाठी राहिले १६५ किलो. त्यात १८ किलोची एक अशा आंब्याच्या चार पेट्या म्हणजे ७२ किलो, तांदळाचे पोते २५ किलो, दोन मोठ्या बॅगा मिळून ४० किलो आणि पाण्याचा २० लिटरचा कॅन. झाले १५७ किलो. आता एखादा मोठा फणस चढला की मर्यादा संपली. टपावर कॅरिअर असेल तर त्याचे स्वतःचे वजनही यातच धरायचे.

हिशेब जुळत नसेल तर काय करायचे? दोन पेट्या ट्रान्सपोर्टने किंवा एसटीच्या पार्सलने पाठवायच्या. तांदूळ शहरातही मिळतो. आजीला वाईट वाटेल, पण नातवंडे सुखरूप पोहोचल्याचा फोन आला की तो रुसवा टिकत नाही.

रचायचे कसे?

सामान रचणे ही कला नाही, तीन-चार नियमांचे काम आहे.

सगळ्यात जड वस्तू तळाला आणि मागच्या सीटच्या पाठीला अगदी चिकटवून ठेवा. मध्ये वीतभर जागा सोडली तर गाडी थांबताना त्या वस्तूला धावत येऊन धडकायला वाव मिळतो. जड सामान डिकीच्या दाराशी ठेवले तर वजन मागच्या चाकांच्याही मागे जाते आणि पुढची चाके हलकी होतात. स्टिअरिंग सैल लागते, चढावर पुढची चाके घसरतात. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्या पुढच्या चाकांनीच ओढल्या जातात, हे लक्षात असू द्या.

डाव्या-उजव्या बाजूंचा तोल सांभाळा. मधल्या फटींत कपड्यांच्या मऊ पिशव्या, चादरी, वळकट्या दाबून बसवा, म्हणजे पेट्या वळणावर सरकणार नाहीत. खाली रबरी पायपुसणे किंवा गोणपाट अंथरले तर घसरण आणखी कमी होते. हलके सामान वर ठेवा, पण सीटच्या पाठीपेक्षा उंच जाऊ देऊ नका. त्यामुळे आरशातून मागचे दिसते आणि धक्का बसला तर वरचे सामान उडून पुढे येत नाही.

मग बांधा. बऱ्याच गाड्यांच्या डिकीच्या तळाशी लोखंडी कड्या असतात, पण त्यांच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. त्यांतून घट्ट पट्टा किंवा नायलॉनची दोरी ओवून पेट्या आवळा. स्कूटरला लावतो ती रबरी हुकांची दोरी हलक्या पिशवीला ठीक आहे, तांदळाच्या पोत्याला नाही. आणि बाजूचे प्लॅस्टिकचे हुक भाजीची पिशवी अडकवण्यापुरते असतात.

मागच्या सीटची पाठ म्हणजे भिंत, असेही समजू नका. तिची ताकद तपासण्यासाठी संयुक्त राष्ट्रसंघाच्या वाहनविषयक १७ क्रमांकाच्या नियमात एक चाचणी आहे. डिकीत प्रत्येकी १८ किलोचे दोन ठोकळे ठेवून ताशी ५० किलोमीटर वेगाच्या धडकेइतका धक्का दिला जातो. ही चाचणी झाली ३६ किलोंची. आपण मागे दीडशे किलो रचतो आणि कधी सीटची खिटी नीट बसली आहे का तेही पाहत नाही. सीट दुमडून परत उभी केली की 'खट्' आवाज येईपर्यंत ढकला आणि एकदा ओढून पाहा. मागे कोणी बसणार नसेल तर रिकाम्या सीटचे पट्टेही लावून टाका. पाठीला तेवढाच आधार.

तीन रांगांच्या गाडीत आणखी जपायला हवे. तिसरी रांग उभी असताना मागे जेमतेम दोन-तीन बॅगांची जागा उरते. रांग दुमडली तर जागा भरपूर मिळते, पण तिथे सामानाच्या ढिगावर मुलांना बसवणे हा शुद्ध वेडेपणा आहे. तिथे ना पट्टा, ना सीट आणि मागून धडक बसली तर पहिला मार त्यांनाच.

सीएनजीची टाकी असेल तर

अनेक गाड्यांत डिकीचा मोठा भाग सीएनजीच्या टाकीने व्यापलेला असतो. काही कंपन्यांनी यावर उपाय शोधले. टाटाने २०२३ मध्ये अल्ट्रोझमध्ये एका मोठ्या टाकीऐवजी ३० लिटरच्या दोन टाक्या डिकीच्या तळाखाली बसवल्या. पण जुन्या पद्धतीची टाकी असेल तर तिच्यावर पोती रचू नका. तिचा व्हॉल्व्ह आणि नळ्या यांना कोणतीही पेटी घासता कामा नये आणि दोरी बांधायला व्हॉल्व्हचा खुंटा तर मुळीच करू नये. बाहेरून किट बसवले असेल तर टाकीचे वजन, जे सहज ५०-६० किलो भरते, ते वरच्या हिशेबातून वजा करा. टाकीची दर तीन वर्षांनी होणारी दाबाची चाचणी चुकवू नका.

घरगुती गॅसचा सिलिंडर डिकीतून नेण्याची सवय मात्र मोडलेली बरी. १४.२ किलो गॅसचा भरलेला सिलिंडर ३० किलोच्या आसपास भरतो. आडवा ठेवला की तो रुळासारखा गडगडतो. हा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळती झाली तर बंद डिकीच्या तळाशी तो साचत राहतो आणि एका ठिणगीची वाट पाहतो. सिलिंडर घरपोच आणणे हे वितरकाचे काम आहे, ते त्यालाच करू द्या. फटाके, थिनर, पेट्रोलचा कॅन, परफ्यूमचे फवारे हेही उन्हात तापलेल्या डिकीत ठेवायचे पदार्थ नव्हेत.

दार उघडे ठेवून?

लांब पाइप, पडद्याचा रॉड किंवा गुंडाळलेली गादी आत मावत नाही तेव्हा डिकीचे दार अर्धवट उघडे ठेवून दोरीने बांधले जाते. यात दोन धोके आहेत. पहिला सगळ्यांना दिसतो. मागून येणाऱ्या स्कूटरस्वाराला ते टोक लागू शकते. दुसरा दिसत नाही. सायलेन्सरमधून निघणारा धूर उघड्या दारातून आत ओढला जातो आणि त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास. आधी डोके जड होते, मग झोप येते. मागे झोपलेले मूल दमले आहे असे वाटते आणि कोणी त्याला उठवत नाही. अशा वस्तूंसाठी टेम्पोच बोलवा. २०१९ साली दुरुस्त झालेल्या मोटार वाहन कायद्यात ठरलेल्या मर्यादेबाहेर सामान लोंबत ठेवण्यासाठी २० हजार रुपये दंडाची तरतूद आहे. टेम्पोचे भाडे त्याहून नक्कीच कमी पडेल.

निघण्यापूर्वी पाच मिनिटे

टायरमधली हवा पाहा. चालकाच्या दाराच्या चौकटीवर बहुधा एक पट्टी चिकटवलेली असते. तिच्यावर हवेचे दोन आकडे असतात, एक मोजक्या माणसांसाठी आणि एक भरलेल्या गाडीसाठी. सामान भरले असेल तर दुसरा आकडा धरा आणि टायर थंड असतानाच हवा भरा. भार जास्त आणि हवा कमी असली की उन्हाळ्याच्या रस्त्यावर टायर तापून फुटतो.

दिवे खाली करा. मागे वजन वाढले की गाडीचे नाक वर होते आणि दिव्यांचा झोत समोरच्याच्या डोळ्यांत जातो. बऱ्याच गाड्यांत स्टिअरिंगजवळ ०, १, २, ३ असे आकडे असलेली छोटी चकती असते. ती याचसाठी आहे. भार वाढेल तसा वरचा आकडा लावायचा.

स्टेपनी, जॅक आणि पाना कुठे आहे ते आधी पाहून ठेवा. हे सारे डिकीच्या तळाखाली असेल तर रात्री हायवेच्या कडेला चार पेट्या उतरवाव्या लागतील. परावर्तक त्रिकोण, टॉर्च आणि प्रथमोपचाराची पेटी मात्र सगळ्यात शेवटी, हाताशी येतील अशी ठेवा. २०२० मध्ये नियम बदलल्यापासून काही गाड्यांना स्टेपनीऐवजी पंक्चरचे किटच मिळते. तुमच्या गाडीत काय आहे ते घरीच बघा.

गाडी भरलेली असताना ब्रेक लागायला जास्त अंतर लागते. पुढच्या गाडीपासून नेहमीपेक्षा दूर राहा. कशेडी असो की आंबोली, घाट ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा. सतत ब्रेकवर पाय ठेवला तर ते तापतात आणि ऐन वळणावर दगा देतात. पहिल्या चहाला थांबाल तेव्हा डिकी उघडून दोऱ्या सैल झाल्या नाहीत ना, ते पाहा.

घरी पोहोचल्यावर एक काम उरते. डिकी रिकामी करून कुलूप लावा आणि किल्ली मुलांच्या हाती लागणार नाही अशी ठेवा. लपाछपीसाठी मुलांना डिकीसारखी दुसरी जागा सुचत नाही आणि उन्हात बंद गाडी काही मिनिटांत भट्टीसारखी तापते.

आंबे दोन पेट्या कमी आले तरी त्यांची गोडी कमी होत नाही. पुढच्या वेळी अंगणातून कोणी 'अजून एक पिशवी मावेल की' म्हणाले, तर डिकीकडे पाहू नका. तिच्यापुढच्या सीटवर कोण बसले आहे ते पाहा आणि मगच हो म्हणा.